जमिनीचा कागद आणि जनावराचा दात

अमेरिकेच्या ग्रामीण जीवनाचे नाव काढले की अफाट मैदाने, दूरवर पसरलेली शेते आणि मूठभर नाण्यांत मिळणारी जमीन असे चित्र मनापुढे उभे राहते. हे चित्र अगदीच खोटे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या देशात सरकारी शेतजमीन एकरी एक-दोन डॉलरांस मिळत होती, ही गोष्ट खरी. परंतु शेत विकत घेणे म्हणजे केवळ किंमत चुकविणे नव्हे. घेतलेली जमीन नेमकी कोठून कोठवर आहे, विकणाऱ्यास ती विकण्याचा अधिकार होता की नाही, आणि किमतीचे रोख पैसे आणावयाचे कोठून, हे तीन प्रश्न तेथील शेतकऱ्यास पिढ्यानपिढ्या छळीत होते. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर कागदात शोधावे लागे. तिसऱ्याचे उत्तर बहुधा चार पायांवर चालत बाजारी जाई.

हे तिन्ही प्रश्न एकाच घराण्याच्या हकीकतीत पाहावयास मिळतात. ते घराणे म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या अब्राहम लिंकन यांचे. त्यांचे वडील टॉमस लिंकन हे शेती आणि सुतारकाम करून पोट भरणारे साधे गृहस्थ. त्यांनी १८०३ साली केंटकी राज्यात २३८ एकरांचे शेत ११८ पौंडांस घेतले; पौंडांचा हिशेब त्या भागात तेव्हाही चालू होता. १८१४ मध्ये ते विकण्याची वेळ आली तेव्हा मोजणीतील दोषामुळे त्यांना २०० एकरांचाच हक्क देता आला आणि हाती १०० पौंड आले. दुसरे शेत त्यांनी १८०८ साली २०० डॉलर देऊन घेतले. याच शेतावरील ओंडक्यांच्या झोपडीत १८०९ मध्ये अब्राहमचा जन्म झाला. पण पूर्वीच्या एका मालकाचे देणे फिटले नसल्याचा वाद उपस्थित होऊन तेही हातचे गेले. तिसऱ्या शेतावर ते राहावयास गेले, तर दूरच्या फिलाडेल्फियातील वारसांनी जुन्या हक्काच्या आधारे त्यांना तेथून काढण्याचा दावा लावला. तीन शेते झाली, आणि तिन्ही ठिकाणी कागदाने दगा दिला.

यात टॉमस लिंकन यांचा अपराध नव्हता. दोष होता जमीन मोजण्याच्या पद्धतीचा. केंटकीत चतुःसीमा सांगून जमीन लिहून देण्याची जुनी रीत होती. अमुक ओढ्याच्या काठच्या पांढऱ्या ओक वृक्षापासून निघावे, तमुक खडकापर्यंत जावे, तेथून वळून पुन्हा आरंभीच्या झाडाशी यावे, अशा भाषेत खरेदीखत लिहिले जाई. झाड वठले, ओढ्याने पात्र बदलले किंवा खडक ओळखता येईनासा झाला म्हणजे सीमा हरवली. शिवाय आधी हक्क मागावयाचा आणि मग मोजणी करावयाची, असा उलटा क्रम असल्याने छपरावरील कौले एकमेकांवर चढावीत तसे एकाच जमिनीवर दोन-दोन, तीन-तीन हक्क चढलेले असत. जमीन स्वस्त होती. महाग होता तो निर्वेध हक्क. १८१६ च्या अखेरीस लिंकन कुटुंब केंटकी सोडून ओहायो नदीपलीकडे इंडियानात गेले. अंशतः गुलामगिरीमुळे, परंतु मुख्यतः जमिनीच्या हक्कांतील अडचणींमुळे वडिलांनी हे स्थलांतर केले, असे लिंकन यांनी पुढे १८६० मध्ये स्वतःच लिहून ठेवले आहे.

नदीच्या त्या तीरावर असे वेगळे काय होते? तेथे मोजणी आधी आणि विक्री मागाहून असा नियम होता. ब्रिटिशांशी झालेले युद्ध संपल्यावर नव्या राष्ट्राच्या तिजोरीत पैसा नव्हता. जमीन मात्र विपुल होती. तेव्हा १७८५ च्या कायद्याने काँग्रेसने असे ठरविले की, ओहायोपलीकडील सारा मुलूख आधी चौकोनांत आखून घ्यावा. सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप. तिचे ३६ भाग. प्रत्येक भाग एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. प्रत्येक भागास क्रमांक. त्यांतील सोळावा भाग शाळेच्या खर्चासाठी राखून ठेवावयाचा. आता ओक वृक्ष वठला तरी बिघडत नव्हते, कारण खरेदीखतात झाडाऐवजी आकडे आले होते.

ही आखणी ज्या साधनाने झाली ते साधे पण मोठ्या युक्तीचे होते. इंग्लंडमधील गणिती एडमंड गंटर यांनी १६२० मध्ये १०० कड्यांची आणि ६६ फूट लांबीची साखळी प्रचारात आणली. अशा ८० साखळ्या म्हणजे एक मैल आणि १० चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. ज्यास फारसे शिक्षण नाही अशा मनुष्यासही हा हिशेब तोंडी करता येई. मराठी वाचकास हे माप अगदीच परके नाही. ज्या गुंठ्याने येथे शेताचे तुकडे मोजले जातात, त्या गुंठ्याची बाजू ३३ फुटांची, म्हणजे गंटरच्या साखळीच्या बरोबर निम्मी. आणि असे ४० गुंठे मिळून तोच इंग्रजी एकर होतो. सिंहासने बदलतात, राज्ये बुडतात. पण मोजमापे मात्र चिवटपणे मागे उरतात.

परंतु या नीटनेटक्या चौकोनांखाली एक मोठा अन्याय झाकला गेला, तो सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. ही जमीन निर्मनुष्य नव्हती. शॉनी, डेलावेअर, मायामी इत्यादी मूळ रहिवाशांच्या जमाती तेथे शेती करीत, शिकार करीत आणि मृतांना पुरीत आल्या होत्या. सरकार त्यांच्याशी तह करी, वार्षिक रकमेचे वचन देई आणि लक्षावधी एकर आपल्याकडे घेई. हे तह पुष्कळदा लढाईतील पराभवानंतर, कर्जाच्या दडपणाखाली किंवा मोजक्या पुढाऱ्यांच्या सह्या घेऊन झालेले असत. ज्या नदीकाठच्या पट्ट्यात लिंकन कुटुंब गेले तो १८०४ साली डेलावेअर व पियांकशॉ या जमातींकडून घेण्यात आला होता. १८०९ मध्ये फोर्ट वेन येथील तहाने आणखी सुमारे ३० लक्ष एकर घेतले गेले, तेव्हा शॉनी पुढारी टेकुम्से याने गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन यांच्यासमोर येऊन हरकत घेतली. भूमी सर्व जमातींची सामाईक आहे, एका जमातीस ती एकटीने विकता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. १८२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, मूळ रहिवाशांकडून खाजगी व्यक्तीस जमीन घेता येणार नाही. तो अधिकार एकट्या सरकारचा. अशा रीतीने सरकार हाच एकमेव गिऱ्हाईक झाला. आणि जेथे गिऱ्हाईक एकच, तेथे भाव कोण ठरविणार हे उघड आहे. नव्या शेतकऱ्याचा कागद निर्वेध झाला तो असा.

आता विक्रीकडे वळावे. प्रारंभी सरकारने जमीन किमान ६४० एकरांच्या तुकड्याने विकावयास काढली. १७८७ मध्ये न्यूयॉर्क येथे झालेल्या पहिल्या लिलावात जेमतेम ७३ हजार एकर खपले. साध्या शेतकऱ्यास इतका मोठा तुकडा झेपणारा नव्हता, आणि लिलावास जाण्यासाठी शेकडो मैलांचा प्रवासही परवडणारा नव्हता. मग १८०० च्या कायद्याने जमीन-कचेऱ्या ओहायोतील चिलिकॉथी, सिनसिनाटी आदी गावी नेण्यात आल्या. तुकडा ३२० एकरांवर आणला गेला. दर एकरी २ डॉलर ठेवून चार वर्षांच्या हप्त्यांची सवलत मिळाली. गंमत अशी की, हा कायदा घडवून आणणारे प्रतिनिधी म्हणजे तेच हॅरिसन. १८०४ मध्ये तुकडा १६० एकरांचा झाला.

याच सवलतीवर टॉमस लिंकन यांनी १८१७ च्या ऑक्टोबरात व्हिन्सेन्सच्या कचेरीत जाऊन १६० एकरांसाठी १६ डॉलर इसार ठेवला. त्याच वर्षाअखेर ६४ डॉलर भरून त्यांनी पहिला चतुर्थांश पुरा केला. पुढचे हप्ते मात्र थकले. त्यांचेच नव्हे, हजारोंचे थकले. १८१९ मध्ये व्यापारात मोठी मंदी आली, धान्याचे भाव कोसळले आणि १८२० पर्यंत जमीन घेणाऱ्यांकडे सरकारचे दोन कोटी डॉलरांहून अधिक येणे तुंबले. तेव्हा काँग्रेसने उधारी बंद केली. दर एकरी सव्वा डॉलर, किमान तुकडा ८० एकर, पण पैसे रोख, अशी नवी व्यवस्था झाली. जुन्या देणेकऱ्यांस जमिनीचा काही भाग परत करून उरलेला आपल्या नावे करून घेण्याची मुभा मिळाली. टॉमस लिंकन यांनी तेच केले. दहा वर्षांच्या खटपटीनंतर १८२७ मध्ये १६० पैकी ८० एकर त्यांच्या पक्क्या मालकीचे झाले.

येथे तिसरा प्रश्न उभा राहतो: रोख पैसा आणावयाचा कोठून? खेड्यात नाणे दुर्मिळ होते. जे दिसे ते पुष्कळदा स्पॅनिश डॉलरचे असे. हे परदेशी नाणे अमेरिकेत १८५७ पर्यंत कायदेशीर चलन म्हणून चालत होते. रोजचे व्यवहार मका, कातडी, लोणी, अंडी यांच्या मोबदल्यात होत आणि दुकानदाराच्या खातेवहीत जमेस धरले जात. जमीन-कचेरी मात्र लोणी घेत नसे. मक्याचे पीक उदंड येई. पण गाडीत घालून तो डोंगरापलीकडच्या शहरास न्यावा, तर वाहतुकीचा खर्च मक्याच्या किमतीहून अधिक होई. यावर शेतकऱ्याने तोड काढली ती अशी, की मका गाडीत न घालता जनावराच्या पोटात घालावा आणि जनावराने आपल्या पायांनी बाजारास जावे.

रानात ओकची फळे खाऊन हिंडणारी डुकरे पानगळीच्या सुमारास धरून आणीत, काही आठवडे मका चारून पुष्ट करीत आणि हेड्याच्या हवाली करीत. हा हेडी गावोगावची जनावरे गोळा करून मोठा तांडा बनवी. पुष्कळदा तो अर्धे पैसे आगाऊ देई, अर्ध्यांचे वचन देई. शहरातील विक्री आटोपून तो परत येईपर्यंत शेतकऱ्याचा जीव टांगणीस लागलेला असे. डुकरांचा तांडा दिवसाकाठी आठ-दहा मैल चाले. रस्त्यांवर ठराविक अंतराने तांड्यांसाठी मुक्कामाच्या जागा असत. तेथे जनावरांस मका आणि माणसांस भाकरी मिळे. वाटेवरील शेतकऱ्याचा मका त्याच्या दारातच खपून जाई. १८०५ साली ओहायोतील जॉर्ज रेनिक यांनी ६८ गुरांचा तांडा ॲलेगेनी पर्वतराजी ओलांडून बाल्टिमोरपर्यंत पायी नेला. इतक्या चालीने गुरे झिजून मरतील असे शेजारी म्हणत होते. पण गुरे पोहोचली आणि विकली गेली. तेथून या मार्गाचा राबता वाढला. पुढे सिनसिनाटी शहरात डुकराचे मांस खारवून पिंपांत भरण्याचा धंदा इतका वाढला की, लोक त्या शहरास विनोदाने ‘पोर्कोपोलिस’, म्हणजे डुकरांची नगरी, असे म्हणू लागले. सरकारी तिजोरीत जमिनीच्या किमतीचे जे डॉलर जमा झाले, त्यांतील कितीतरी या तांड्यांच्या मागोमाग आले होते.

जनावराच्या मालकीस जमिनीसारखा कागद नव्हता. तेथे खूण हाच कागद. पिके कुंपणात आणि गुरे मोकाट, अशी प्रारंभीची रीत असल्याने प्रत्येक शेतकरी आपल्या गुरांच्या व डुकरांच्या कानास ठराविक आकाराची कात्री मारी. कोणाची खूण उजव्या कानास चीर, तर कोणाची डाव्यास भोक. ही खूण गावच्या वहीत नोंदवून घ्यावी लागे आणि दुसऱ्याची खूण पुसणे हा गुन्हा ठरे. बेवारशी जनावर सापडले तर ते कोंडवाड्यात घालून किंवा अधिकाऱ्यास कळवून त्याचा रंग, खुणा व शेजाऱ्यांनी ठरविलेली किंमत जाहीर करावयाची असा नियम होता. एखाद्या कामासाठी रक्कम बाजूस काढून ठेवणे या अर्थी इंग्रजीत रूढ असलेला ‘इअरमार्क’ हा शब्द कान कापण्याच्या याच जुन्या प्रथेतून आला आहे.

घोडा घेताना खरी परीक्षा दातांची. दातांच्या झिजेवरून वय कळते, हे घेणाराही जाणे आणि विकणाराही. म्हणून लबाड विक्रेते म्हाताऱ्या घोड्याचे दात कानशीने घासून किंवा तापल्या सळईने त्यांवर खुणा उठवून त्यास तरुण बनवीत. जनावर निर्दोष असल्याची हमी विकणाऱ्याने स्पष्टपणे दिली असेल तरच न्यायालय दाद देई. नाही तर ‘घेणाऱ्याने सावध राहावे’ हेच कायद्याचे उत्तर. साक्षीदार ठेवून हमी वदवून घेण्याची सावधगिरी म्हणूनच रूढ झाली. कधी कधी तर फसविणाऱ्याची गरजही पडत नसे. लोक आपण होऊन फसत. १८१० च्या सुमारास लिस्बन येथील अमेरिकेचे वकील विल्यम जार्व्हिस यांनी स्पेनमधील सुमारे ४ हजार मेरिनो मेंढ्या अमेरिकेत धाडल्या. त्यांच्या तलम लोकरीचा असा बोलबाला झाला की, एकेका मेंढ्यास हजार डॉलरांहून अधिक भाव आला. १८१५ मध्ये इंग्लंडशी चाललेले युद्ध थांबले, स्वस्त इंग्रजी कापड बाजारात आले आणि त्याच जातीची मेंढरे अल्पशा किमतीस विकण्याची पाळी मालकांवर आली.

काही दोष मात्र कोणत्याही दातांत दिसत नसत. रानात मोकाट चरणाऱ्या गाई पांढऱ्या फुलांचे एक विषारी झुडूप खात आणि ते विष दुधात उतरे. १८१८ च्या ऑक्टोबरात टॉमस लिंकन यांची पत्नी नॅन्सी अशाच दुधाच्या विकाराने वारली. अब्राहम तेव्हा नऊ वर्षांचा होता. या रोगाचे मूळ त्या झुडपात आहे हे शास्त्रज्ञांनी निश्चितपणे सिद्ध केले ते विसाव्या शतकात.

दक्षिणेकडील राज्यांत तर लिलावाच्या यादीतच माणुसकीचा अंत झालेला दिसे. मालक वारला किंवा कर्जात बुडाला की मालमत्तेची यादी होई. तीत नांगर, बैल, घोडी यांच्याबरोबर गुलाम स्त्री-पुरुषांची आणि मुलांची नावे व किमती लिहिल्या जात. एकाच दिवशी, एकाच अंगणात सर्वांवर बोली चाले. आई एका गावी आणि मूल दुसऱ्या गावी जाई. ज्या व्यवहारात कागदाला एवढे महत्त्व आले, त्याच व्यवहारात कागदाने माणसाला जनावरांच्या ओळीत बसविले, हे विसरता येत नाही.

इकडे सरकारी जमिनीच्या लिलावांत निराळीच चढाओढ माजली. गरीब कुटुंबे मोजणीपूर्वीच रानात शिरून झाडे तोडीत, घर बांधीत. नंतर लिलाव पुकारला जाई आणि शहरातील सट्टेवाला त्यांच्या घामाच्या जमिनीवर बोली लावावयास येई. यावर उपाय म्हणून शेतकऱ्यांनी आपापले संघ काढले. संघाचा एक प्रतिनिधी यादी हाती घेऊन प्रत्येकासाठी सव्वा डॉलराची किमान बोली पुकारी आणि बाकीचे सारे भोवती उभे राहत. परक्याने बोली चढविली तर त्याची गय केली जात नसे. ज्यास रोख जमत नसे तो सावकाराकडे जाई. सावकार स्वतःच्या नावे जमीन घेऊन ती ह्याच शेतकऱ्यास मुदतीने विके, आणि व्याजाचा बोजा वर्षास शेकडा ४० पर्यंतही पोहोचे. १८३६ मध्ये तर एका वर्षात सुमारे दोन कोटी एकर सरकारी जमीन विकली गेली, तीही बहुतांशी बँकांच्या कागदी नोटांवर. त्याच वर्षी ११ जुलै रोजी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी जमिनीसाठी सोने-चांदीच घ्यावी असा हुकूम काढला. सट्ट्याचा फुगा फुटण्यास हा हुकूमही कारण झाला आणि १८३७ ची मंदी आली. अखेर १८४१ च्या कायद्याने, जो आधीपासून जमिनीवर राहत व कसत आहे त्यास लिलावाशिवाय किमान दराने १६० एकरांपर्यंत जमीन घेण्याचा पहिला हक्क मिळाला.

या काळात लिंकन घराण्याचे काय झाले? १८३० मध्ये टॉमस लिंकन यांनी इंडियानातील शेत १२५ डॉलरांस विकले. मूळच्या दराने त्या ८० एकरांची सरकारी किंमतच १६० डॉलर होत होती. म्हणजे तेरा वर्षांच्या मशागतीचे मोल उणे निघाले. सुमारे शंभर डुकरे आणि चार-पाचशे बुशेल मका शेजाऱ्यास विकून ते बैलगाड्यांनी इलिनॉयकडे निघाले. तेथे तरुण अब्राहम काही वर्षे जमिनीचा मोजणीदार झाला. ज्या मोजणीतील चुकांनी वडिलांस देशोधडीस लावले, तीच साखळी आता मुलाच्या हाती आली. पण दुकानाच्या धंद्यातील कर्जापायी त्याचा घोडा, खोगीर, होकायंत्र आणि साखळी जप्त होऊन लिलावात निघाली. तेव्हा एका शेजाऱ्याने हे सामान १२० डॉलरांस घेतले आणि काही न बोलता त्यास परत दिले. बाजाराच्या या सबंध इतिहासात बाजारभावाशी विसंगत असा हा एक व्यवहार लक्षात राहतो.

२० मे १८६२ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्यास, अल्पशा फीखेरीज काहीही न घेता, १६० एकरांची मालकी त्या कायद्याने देऊ केली. वडिलांनी जेवढ्या जमिनीसाठी १६ डॉलर इसार ठेवला आणि जी पुरी त्यांच्या पदरी कधीच पडली नाही, तेवढीच ही जमीन. या कायद्याखाली पुढे सुमारे १६ लाख कुटुंबांस जमीन मिळाली. ती जमीनही मूळ रहिवाशांकडूनच आली होती, ही नोंद त्याच पानावर ठेवली पाहिजे.

आज ओहायोच्या पश्चिमेस विमानातून खाली पाहिले तर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन दिसतात, आणि तेथील खरेदीखतांत अद्याप टाउनशिप व भागांचे तेच क्रमांक लिहिले जातात. त्या रेषा सरळ आहेत. ज्यांनी त्या रेषांच्या आत घर केले आणि ज्यांना त्यांच्या बाहेर जावे लागले, त्यांची आयुष्ये मात्र तितकी सरळ नव्हती. जमीन विकत घेता येते, परंतु तिच्यावरील हक्क निर्मळ आहे की नाही याची चौकशी किमतीपाशी संपत नाही. ती पूर्वीच्या धन्यापर्यंत, आणि त्याच्याही पूर्वीच्या धन्यापर्यंत न्यावी लागते.